कामी दे रोंदा: कोस्ता ब्रावाची जुनी किनारवाट, आई-बाबांसोबत कुठला टप्पा चालावा?

सड्यावरची:
नमस्कार मंडळी, एक सल्ला हवाय. आम्ही म्युनिकला असतो, एप्रिलच्या शेवटी आई-बाबा रत्नागिरीहून येतायत आणि त्यांना घेऊन बार्सिलोनाला जायचं ठरलंय. शहर बघायचंच आहे पण बाबांना शहरात फार रस नाही, त्यांना समुद्र आणि कातळ दिसला की ते खूश, आयुष्यभर किनाऱ्यावरच राहिलेला माणूस. मला ऑफिसातल्या एकीने कामी दे रोंदाचे फोटो दाखवले, म्हणजे स्पेनच्या ईशान्येला कोस्ता ब्रावा किनारा आहे, त्याच्या कड्यांवरून जाणारी जुनी पायवाट, एका बाजूला पाईनची झाडं, खाली निळं पाणी आणि मधे वाऱ्याने खाऊन खाऊन चित्रविचित्र आकार झालेले खडक. तेव्हापासून डोक्यात तेच आहे.

पण नेटवर शोधलं तर गोंधळच वाढला, कुणी म्हणतं कालेया दे पालाफ्रुझेल, कुणी म्हणतं तोसा, कुणी म्हणतं कादाकेसहून काप दे क्रेउसच्या दीपगृहापर्यंत जा बाकी सगळं सोडा. आमच्याकडे किनाऱ्यासाठी दोन मुक्काम आहेत, गाडी भाड्याने घेऊ, नवरा चालवेल. बाबा ६८ चे आहेत, रोज चालतात, त्यांची काळजी नाही. आईचा उजवा गुडघा दुखतो, सपाटीवर तासभर चालते पण उतार आला की त्रास होतो. आणि ती शाकाहारी आहे, अंडंसुद्धा नाही. कुणी तिकडे चाललंय का? नुसतं "सुंदर आहे जरूर जा" नको, वाट पायाखाली कशी आहे ते सांगा प्लीज.

जिरोनाकर:
ताई, मी बरीच वर्षं याच भागात नोकरीला आहे त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी हे समजून घ्या की ही वाट फिरायला म्हणून केलेली नाही. हा किनारा सगळा लहान लहान खाड्यांचा, इकडे त्यांना काला म्हणतात, आणि प्रत्येक काला म्हणजे चोरटा माल उतरवायला आयती जागा. तंबाखू तर कायमचाच, आणि १९३६-३९ च्या स्पॅनिश यादवी युद्धानंतरच्या टंचाईच्या काळात जे मिळेल ते. १८२९ मध्ये स्पेनने काराबिनेरोस नावाचं दल उभं केलं ते याच कामासाठी, १९४० मध्ये ते ग्वार्दिया सिव्हिल या पोलीस दलात विलीन झालं. हे शिपाई रात्री-अपरात्री पायी गस्त घालायचे, एका कालातून वर चढायचं, पुढच्या कालात उतरायचं, तिथे कुणी होडी लावलीय का बघायचं, परत वर. कोळी लोकांच्या, पाखाडीच्या जुन्या वाटा होत्याच, त्या जोडत जोडत ही किनारवाट झाली. हे मी मुद्दाम सांगतोय कारण तुमच्या आईच्या गुडघ्याचा प्रश्न इथेच येतो. ही वाट शॉर्टकट घेत नाही, प्रत्येक खाडीत उतरते आणि पुन्हा चढते, कारण गस्तीला तेच हवं होतं. नकाशावर ६ किलोमीटर दिसले तरी पायांना ते सपाटीच्या ६ किलोमीटरसारखे अजिबात लागत नाहीत.

म्हणून माझं मत असं की दोन दिवसांत दोन वेगळे तुकडे करा. पहिल्या दिवशी कालेया दे पालाफ्रुझेल ते याफ्रांक. जेमतेम दीड किलोमीटर, आरामात अर्धा-पाऊण तास, वाट बांधलेली आहे, पायऱ्या आहेत पण उंच नाहीत, बऱ्याच ठिकाणी कठडा आहे. कालेयात पोर्त बो म्हणून जुना कोळ्यांचा भाग आहे, पांढऱ्या कमानींचे ओटे आणि समोर वाळूवर ओढलेल्या होड्या, तिथून सुरुवात करा. आई याफ्रांकला किनाऱ्यावर कॉफी घेत बसतील आणि बाबांना हवं तर तुम्ही त्यांना सांत सेबास्तियाच्या दीपगृहाकडे वर घेऊन जा, ते १८५७ चं आहे, समुद्रापासून दीडशे मीटरच्या वर, शेजारी जुना टेहळणीचा बुरूज आणि इबेरियन लोकांच्या ख्रिस्तपूर्व वस्तीचे अवशेष आहेत. तिथून तामारिउकडे वाट जाते ती काला पेद्रोसात उतरते, ती मात्र खडबडीत, मोठे धोंडे, आईंना नको.

आणखी एक गोष्ट मला या वाटेबद्दल फार आवडते. चालताना शेजारी श्रीमंतांचे बंगले लागतात, त्यांच्या भिंती अगदी कड्यापर्यंत आलेल्या, आणि तरी त्यांच्या पुढ्यातून तुम्ही बिनदिक्कत चालता. १९८८ च्या किनारा कायद्याने समुद्राच्या कडेची ६ मीटरची पट्टी लोकांना जायला-यायला मोकळी ठेवावी लागते. सगळीकडे ते नीट पाळलं गेलंय असं नाही, काही ठिकाणी वाट अजूनही तुटते आणि रस्त्यावरून वळसा पडतो, पण जिथे आहे तिथे ती सगळ्यांची आहे. आपल्याकडे किनाऱ्यावर रिसॉर्टांची कुंपणं वाढताना बघतो तेव्हा हे फार जाणवतं.

दुसऱ्या दिवशी कादाकेस. त्याबद्दल इथे माझ्यापेक्षा जास्त माहिती असलेले लोक आहेत, त्यांनी लिहावं.

कातळवेडा:
कादाकेस आणि काप दे क्रेउस बघितल्याशिवाय परत येऊ नका एवढंच आधी सांगतो, आता कारण सांगतो.

मी भूशास्त्राचा विद्यार्थी होतो, आमच्या विद्यापीठाने आम्हाला तिकडे फील्डवर्कला नेलं होतं आणि युरोपातल्या कितीतरी विद्यापीठांची मुलं तिथे दगडांवर पालथी पडून वही-पेन्सिल घेऊन बसलेली दिसतात. पिरेनीज पर्वत पूर्वेकडे जिथे समुद्रात बुडतो ते हे टोक, स्पेनच्या मुख्य भूमीचा सर्वात पूर्वेचा बिंदू. कालेयाकडचा खडक बराचसा ग्रॅनिटसारखा, तांबूस-गुलाबी, गोलसर. काप दे क्रेउसला पूर्ण वेगळं जग आहे. तिथे मूळचा गाळ ५० कोटी वर्षांहून जुना, तो जमिनीत खोल दाबला गेला, तापला, आणि साधारण ३० कोटी वर्षांपूर्वीच्या पर्वतनिर्मितीत त्याच्या घड्या पडल्या, तो ताणला गेला, पिळला गेला, त्याचा झाला करडा-काळा शिस्ट. त्या शिस्टच्या भेगांमध्ये वितळलेला रस शिरून थंड झाला, तो पेग्माटाइट, पांढुरका, मोठ्या मोठ्या स्फटिकांचा. त्यामुळे काळ्या कातळातून पांढरे पट्टे वळणं घेत जाताना दिसतात. जवळ जाऊन बघा, पांढऱ्या भागात अभ्रकाचे पापुद्रे चमकतात आणि टूर्मलीन नावाच्या काळ्या खनिजाच्या काड्या असतात, बोटाएवढ्या जाड काड्यासुद्धा मी बघितल्यात. बाबांना हे नक्की दाखवा. आपला सह्याद्रीचा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे तो थर थर ओतला जात होता तेव्हाच हे खडक कितीतरी म्हातारे होते.

आता आकार. वारा, समुद्राच्या पाण्याचे तुषार आणि ऊन. खारं पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतं, वाळतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचे कण सुटे करतात. एकदा खळगा पडला की आत सावली आणि ओल जास्त वेळ टिकते म्हणून तो आतून अजून खात जातो, कवच बाहेर राहतं आणि आत पोकळी. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर कातळाला मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं पडलेली तुमच्या बाबांनी बघितली असतीलच, तोच प्रकार, फक्त इथे माणूस आत बसू शकेल एवढे खळगे आहेत. स्थानिक कोळ्यांनी त्या खडकांना नावं ठेवलीत, उंट आहे, गरुड आहे. आणि मजा अशी की उंट एका जागेवरूनच उंट दिसतो, वीस पावलं पुढे गेलात की त्याचं दुसरंच काहीतरी होतं. चित्रकार साल्वादोर दाली लहानपणापासून या खडकांत होडीतून फिरलेला. त्याच्या १९२९ च्या एका चित्रातलं ते नाक जमिनीला टेकलेलं प्रचंड डोकं आहे ना, ते इथल्याच कुलारो नावाच्या खडकावरून आलंय, आणि वितळणाऱ्या घड्याळांच्या १९३१ च्या चित्रात मागे जे सोनेरी कडे दिसतात ते याच किनाऱ्याचे. लोक दालीला स्वप्नातलं रंगवणारा म्हणतात, मी ते खडक बघितल्यापासून म्हणतो की त्याने दगड फार बारकाईने बघितला होता.

एक विनंती, दगड उचलून आणू नका. १९९८ पासून ते नैसर्गिक उद्यान आहे, जमीन आणि समुद्र दोन्ही संरक्षित.

सड्यावरची:
तुम्ही दोघांनी एवढं मनापासून लिहिलंत, खरंच आभार. बाबांना हरिहरेश्वरचं वाचून दाखवलं फोनवर, ते लगेच म्हणाले मग मला तिथेच न्या. आता प्रश्न असा की कादाकेस ते दीपगृह हे अंतर किती आहे, बाबा आणि मी चाललो आणि नवरा आईला घेऊन गाडीने तिकडे आला तर जमेल का? आणि आईला नुसतं गाडीत बसवून पार्किंगमधून समुद्र दाखवायचा हे मला बरोबर वाटत नाही, तिलाही ते खडक हात लावून बघता यावेत असं काही आहे का? वाऱ्याबद्दल पण वाचलं, त्याची भीती घ्यायची का?

मुक्कामपोस्ट:
चालायलाच कशाला हवं, दीपगृहापर्यंत डांबरी रस्ता आहे. आम्ही सगळे गाडीनेच गेलो, वर फोटो काढले, तासाभरात परत. नजारा तोच दिसतो. आई-वडील सोबत असताना उगाच दगदग कशाला.

पायवाट_भटकी:
@मुक्कामपोस्ट, दादा, नजारा तोच दिसत नाही. रस्ता वरून डोंगराच्या अंगाने जातो, तिथून समुद्र लांबून दिसतो आणि दीपगृहाशी एकदम शेवटचं टोक दिसतं. मधलं सगळं, म्हणजे खाड्या, दगडी बांध, तो पांढरा-काळा कातळ, हे पायवाटेलाच आहे. पायाला जमत असेल त्याने चालावं असं माझं ठाम मत. पण ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी गाडी आहे हे चांगलंच आहे.

ताई, तुमचा बेत अगदी योग्य आहे. कादाकेस ते दीपगृह एका बाजूने साधारण ७ किलोमीटर, थांबत थांबत अडीच-तीन तास धरा. गावातून पोर्तलिगातला वीसेक मिनिटांत पोचता, तिथे दालीचं घर आहे, १९३० मध्ये त्याने कोळ्याची एक झोपडी घेतली आणि पुढची चाळीस वर्षं शेजारच्या झोपड्या जोडत जोडत ते वाढवलं, बाहेरूनही बघण्यासारखं आहे. तिथून पुढे पांढऱ्या-लाल पट्ट्यांच्या खुणा धरायच्या, दोन पट्ट्यांची फुली दिसली तर तिकडे जायचं नाही. अटलांटिकच्या बाजूपासून अख्खा पिरेनीज ओलांडत येणारी जीआर ११ ही लांब पायवाट इथेच येऊन संपते, त्यामुळे पाठीवर मोठी सॅक घेतलेले, उन्हाने रापलेले लोक भेटतील, त्यातल्या कुणाचा आज शेवटचा दिवस असतो. बाबांना त्यांच्याशी दोन शब्द बोलू द्या, भाषा नाही आली तरी.

पायाखाली म्हणाल तर सुरुवातीला रुंद मातीची वाट, नंतर अरुंद आणि शिस्टच्या चपट्या कपच्या. कोरड्यात पकड चांगली असते, पण सुट्या कपच्या उतारावर सरकतात, म्हणून चपला-सँडल नको, तळव्याला पकड असलेले बूटच. सावली जवळजवळ नाही. पोर्तलिगात सोडलं की दीपगृहापर्यंत पाणी मिळत नाही, माणशी दीड-दोन लिटर घ्या. मधे गियोलाची खाडी लागते ती जरा बसायला छान, आणि टोकाजवळ जुगादोरा, पाणी इतकं स्वच्छ की तळाचे गोटे मोजावेत, एप्रिलमध्ये मात्र ते चांगलंच गार असतं.

वाटेत डोंगरभर दगडांचे बांध दिसतील, चुना-सिमेंट काही नाही, नुसता दगडावर दगड. या सगळ्या उतारांवर द्राक्षाचे मळे होते. १८७९ मध्ये फिलॉक्सेरा कीड या जिल्ह्यात आली आणि काही वर्षांत वेली मेल्या. मग लोकांनी ऑलिव्ह वाढवले, तर १९५६ च्या फेब्रुवारीत असा कडाका पडला की तेही बहुतेक गेले. माणसं बाहेर गेली आणि बांध राहिले. मला खडकांच्या इतकेच हे बांध महत्त्वाचे वाटतात, कारण प्रत्येक दगड कुणीतरी वाकून उचलून ठेवलाय, आणि एवढ्या वाऱ्यात ते उभे आहेत. त्यांच्यावर चढू नका, वरचा दगड हलला की खालची ओळ सुटायला वेळ लागत नाही.

आता आईंसाठी: तुदेला. दीपगृहाच्या अलीकडे रस्त्यावरूनच फाटा आहे, गाडी लावून आत चालत जायचं. १९६० च्या दशकात तिथे एका फ्रेंच कंपनीने मोठं सुट्टीचं गाव बांधलं होतं, चारशेच्या वर इमारती, खडकांच्या मधोमध. २००३ मध्ये ते बंद झालं, मग सरकारने जागा घेतली आणि २००९-१० मध्ये सगळं उतरवलं, नुसतं पाडलं नाही, एकेक भिंत वेगळी करून मलबा बाहेर काढला, बागेतून पसरलेली परदेशी वेल खणून काढली, आणि खालचा मूळ खडक, मूळ ओघळ मोकळे केले. आज तिथे उभं राहिलं तर विश्वास बसत नाही की इथे कधी बार आणि बंगले होते. जुन्या रस्त्याचीच आता पायवाट केलीय त्यामुळे बराचसा भाग रुंद आणि समतल आहे, गंजल्या रंगाच्या लोखंडाचे साधे फलक आणि बघायच्या जागा आहेत, जास्त काही नाही. उंट, गरुड, सगळी मंडळी तिथूनच दिसतात. आईंना जमेल तेवढं जाऊन परत फिरता येतं, आणि खडक अगदी हाताशी आहेत. पाव तास गेल्या तरी त्यांना काप दे क्रेउस म्हणजे काय ते कळेल. माझ्या मते कोस्ता ब्रावावर माणसांनी केलेलं सर्वात चांगलं काम हे आहे, आणि ते काम म्हणजे काढून टाकणं.

जिरोनाकर:
वाह, तुदेलाबद्दल अगदी मनातलं लिहिलंत. वाऱ्याचं मी सांगतो.

त्रामुन्ताना म्हणतात त्याला, उत्तरेकडून पिरेनीज ओलांडून येतो, कोरडा आणि गार, आणि काप दे क्रेउसला त्याचा पहिला तडाखा. ताशी १०० किलोमीटरच्या वर जातो आणि कधीकधी दिवसचे दिवस थांबत नाही. आकाश मात्र अशा वेळी निळंभोर असतं, म्हणून नवीन माणूस फसतो, खिडकीतून बघून वाटतं काय सुंदर दिवस आहे. आदल्या रात्री आणि सकाळी कातालुन्याच्या हवामान खात्याचा अंदाज बघा, त्यांचं नाव मेतेओकात. झोत ६०-७० च्या पुढे सांगत असेल तर टोकाची वाट नको, दीपगृहाशी कड्याजवळ उभं राहणं धोक्याचं आहे, गाडीचं दार उघडतानासुद्धा हाताने धरून ठेवावं लागतं. अशा दिवशी कार्यक्रम उलटा करा, कालेयाकडे जा, तिकडे जोर बराच कमी असतो. थोडक्यात दोन्ही दिवसांचं बुकिंग असं करा की अदलाबदल करता येईल.

कादाकेसला जायचा रस्ता डोंगर चढून उतरतो, वळणंच वळणं, कुणाला गाडी लागत असेल तर आधीच गोळी द्या. पण त्या डोंगरानेच हे गाव शाबूत ठेवलंय, शतकानुशतकं इथे होडीनेच येणं सोपं होतं. समुद्राने माल यायचा तसे हल्लेही यायचे, १५४३ मध्ये बार्बारोसा या ऑटोमन नौदलप्रमुखाच्या आरमाराने गाव लुटलं, त्यानंतर पुन्हा उभारलेलं पांढरं चर्च अजून गावाच्या डोक्यावर आहे. गाडी गावाबाहेरच्या वाहनतळावर लावा, आतल्या गल्ल्या काळ्या कपच्यांच्या फरसबंदीच्या आहेत, चढ-उताराच्या, आईंचा हात धरा तिथे.

आणि उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी वाचून ठेवा, त्या दिवसांत दीपगृहाकडे गाड्यांवर निर्बंध असतात आणि वणव्याचा धोका वाढला की वाटाही बंद करतात. २०२१ च्या जुलैमध्ये याच उद्यानाच्या उत्तर भागात शेकडो हेक्टर जळालं, त्यामुळे बंद म्हणजे बंद, कुंपण ओलांडू नका. तुम्हाला एप्रिलमध्ये सहसा ही अडचण यायची नाही.

सड्यावरची:
तुदेला फायनल! आईला सांगितलं, ती म्हणाली उंट बघायला मी येणार. खाण्याचं राहिलं फक्त, आणि दालीच्या घराची तिकिटं तिथे गेल्यावर मिळतात का?

पायवाट_भटकी:
घराची तिकिटं तिथे गेल्यावर मिळतील या भरवशावर अजिबात राहू नका. खोल्या लहान आहेत म्हणून थोड्या थोड्या लोकांनाच ठरलेल्या वेळेला सोडतात, ऑनलाइन आधी काढावी लागतात. आई आणि नवरा ते घर बघतील तेवढ्यात तुम्ही दोघं चालायला लागा, म्हणजे त्यांचं तुदेला आणि तुमचं दीपगृह साधारण एकाच वेळी होईल. घरात पायऱ्या बऱ्याच आहेत आणि अरुंद, आईंना ते आधी सांगा, नको वाटलं तर पोर्तलिगातच्या किनाऱ्यावर बसायला जागा भरपूर आहे.

खाण्यात पा आंब तोमाकेत सगळीकडे मिळतो, पावावर टोमॅटो चोळून ऑलिव्ह तेल-मीठ. एस्कालिवादा म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली वांगी आणि लाल मिरच्या, सोलून तेल घालून देतात, आईंना नक्की आवडेल, पण त्यावर बऱ्याचदा आंचोवी मासे ठेवून आणतात, तेव्हा ऑर्डर देतानाच "सेन्से आंचोवेस" म्हणा. मनुका आणि पाईनच्या बिया घातलेली पालकाची भाजी मिळते, त्यात कधी हॅम असतं, तेही विचारून घ्या. तोर्तिया म्हणजे तिकडे अंड्याचं, ते टाळा. चालायच्या दिवशी सकाळी गावातल्या बेकरीतून पाव आणि फळं बांधून घ्या, दीपगृहाशी रेस्टॉरंट आहे पण ते उघडं असेलच असं धरून निघू नका.

कातळवेडा:
जमलं तर एक छोटं भिंग सोबत घ्या, दहापट मोठं दाखवणारं, पुण्या-मुंबईत शाळेच्या सामानाच्या दुकानात मिळतं, बाबांना येताना आणायला सांगा. आणि तुदेलाला सकाळी लवकर किंवा चारनंतर पोचा, तिरप्या उन्हात पेग्माटाइटचे पट्टे आणि खळगे उठून दिसतात, भर दुपारी सगळं एकसारखं पांढरं होतं. फोटो टाका इथे नंतर, टूर्मलीन सापडलं का तेही लिहा.